येथे म्हातारा नाही

प्रवासाची आवड मला लहानपणापासून आहे. प्रवासाला माझी नाही. कुठल्याही वाहनात बसून वीस मिनिटं झाली की माझ्या पोटात ढवळायला लागतं, चेहरा पांढरा पडतो आणि शेजारचा माणूस न सांगता खिडकीची जागा मला देऊन स्वतः चार बाकं मागे जाऊन बसतो. त्यामुळे माझा बहुतेक प्रवास घरातच झालेला आहे. माझ्याकडे अकरा नकाशे आहेत, चौदा खिशांची सॅक आहे आणि डोंगर चढायचे बूट आहेत. ते ऐन वेळी चावू नयेत म्हणून गेली दोन वर्षं मी ते रोज संध्याकाळी घरात घालून फिरतो. खालच्या मजल्यावरच्या बाई त्याबद्दल दोनदा वर येऊन बोलून गेल्या, पण कलावंताला समाजाचा त्रास व्हायचाच.

कलावंत म्हणजे लेखक. मी लेखक आहे हे माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते सांगतो. छापून मात्र बावीस वर्षांत एक ओळ आलेली नव्हती. संपादक माझं लिखाण 'साभार परत' पाठवत, आणि बायको म्हणे, "अहो, आभार तरी मानतात. आमच्या शाळेत कोणी तेवढंही करत नाही." बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेच्या नळ्या धुणं, मुलांनी सांडलेलं पुसणं आणि कोणी काहीही सांगितलं की "कशावरून?" असं विचारणं, ही तिची कामं. यातलं शेवटचं काम ती घरी आल्यावरही चालू ठेवते.

तर एका मासिकाने प्रवास विशेषांक जाहीर केला. विषय, 'मी पाहिलेली एकाकी जागा'. लेख पंधरा तारखेपर्यंत पोचला पाहिजे. मी त्याच क्षणी ठरवलं, की बस्स, नकाशे खूप झाले, आता जायचं. जागाही ठरलेलीच होती. आमच्या गावापासून सात तासांवर किनाऱ्याच्या टोकाला एक जुनं दीपगृह आहे. नकाशावर त्या ठिकाणी मी इतक्या वेळा बोट ठेवलं होतं की तिथला कागद तेलकट झाला होता.

समोरच्या दारात एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांच्यापाशी मी हे बोललो, हीच पहिली चूक. मास्तर तेव्हाच त्यांचं हस्तलिखित वेळापत्रक घेऊन आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसले.

"सातची पॅसेंजर पकडा. डावीकडे बसा, उजवीकडे ऊन येतं. जंक्शनला गाडी बदला. तिथे चहा पुलाखालचा घ्या, पुलावरचा नको."

"तुम्ही पाहिलंय का हो ते दीपगृह?" मी विचारलं.

"पाहिलंय म्हणजे काय! गाडीतून. अंधार होता. म्हणजे दीपगृह असं नाही दिसलं, पण उजेड दिसला."

"कशावरून तो दीपगृहाचाच?" आतून आवाज आला. मास्तरांनी वेळापत्रकाची घडी घातली आणि "वहिनी, चहा झाला असेल तर द्या," असं म्हणून विषय बदलला.

आता रजा. आमचं कार्यालय सरकारी इमारतींची पाहणी करतं. कुठे तडे गेलेत, कुठे गळतंय, कुठला जिना धोक्याचा आहे, याचे अहवाल आम्ही पाठवतो. आणि आमच्या साहेबांचा एक सिद्धांत आहे: आधी अहवाल, मग पाहणी. "अहो, अहवाल हातात असला की पाहणीत काय पाहायचं ते कळतं," असं ते म्हणतात. त्यामुळे आम्ही अहवाल टेबलावरच लिहितो, तारीख घालतो, सही करतो, आणि मग जमेल तसं जाऊन बघून येतो. एकदा मी एका जुन्या कचेरीबद्दल 'गळती आढळून आली नाही' असा अहवाल दिला, आणि नंतर कळलं की ती इमारत तीन वर्षांपूर्वीच पाडलेली होती. पण गळती आढळली नाही हे खरंच होतं. त्या अहवालावर कोणी आजवर बोट ठेवू शकलेलं नाही.

साहेबांनी अकरा आणि बारा तारखेची रजा मंजूर केली. माझ्या हातात आठवडा होता. नोकरीतली अठरा वर्षांची सवय, दुसरं काय! मी लेख आधीच लिहून टाकला.

आणि काय लिहिला म्हणता! पहाटेचं धुकं आणलं, खारा वारा आणला, वर चढताना होणारी धाप आणली. पायऱ्यांचा आकडा लागणार होता. शंभर म्हटलं तर थाप वाटते. एकशे ब्याऐंशी म्हटलं की माणसाने मोजल्या असणार असं वाटतं. म्हणून एकशे ब्याऐंशी. दीपगृह म्हटलं की रखवालदार आला, आणि लेखात रखवालदार म्हटला की तो म्हाताराच असावा लागतो. माझा म्हातारा डाव्या कानाने बहिरा होता. आपण विचारावं एक, त्याने सांगावं भलतंच. चहा केला की कप पाहुण्याला देऊन स्वतः बशीत घ्यायचा. आणि शेवटी निघताना तो म्हणतो, "उजेड लांबच्यांसाठी असतो हो. इथे आम्ही चाचपडतच चालतो." हे वाक्य कागदावर उतरलं तेव्हा माझे मलाच डोळे भरून आले. वर तारीख घातली, अकरा आणि बारा. तारीख नसली तर साहेब कागद परत करतात.

दहा तारखेला दुपारी कार्यालयात लेखापरीक्षक येऊन थडकले आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. अकरा आणि बारा या दोन्ही दिवशी मी सकाळी दहाला हजेरीपटावर सही करून संध्याकाळी सहापर्यंत जुन्या फायली उपसत बसलो. इकडे पंधरा तारीख तोंडावर. मी मनाशी म्हटलं, लेख तर तयार आहे. पाठवून देऊ, पुढच्या रविवारी जाऊन येऊ, काही कमी-जास्त असेल तर कळवू. तेरा तारखेला पाकीट टपालात टाकलं. पुढच्या रविवारी पाऊस होता, त्याच्या पुढच्या रविवारी मेहुण्याचं सामान हलवायचं होतं, आणि तिसऱ्या रविवारी लेख छापून आला.

बावीस वर्षांनी माझं नाव छापलं गेलं! मी अंकाच्या नऊ प्रती आणल्या. मास्तरांनी लेख मोठ्याने जिन्यात वाचला. खालच्या बाई, बुटांवरून भांडणाऱ्या, वर आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा तो म्हातारा मनातून जात नाही हो." साहेबांच्या पत्नीने ते उजेडाचं वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. असं साहेबच म्हणाले.

बायकोने लेख शेवटी वाचला. भांडी आवरून, हात पुसून, चष्मा लावून. माझ्या कुठल्याही लेखाच्या दुसऱ्या पानावर तिला झोप लागते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ती जागी राहिली. वाचून झाल्यावर तिने अंक मिटला आणि बराच वेळ मुखपृष्ठावर हात ठेवून बसली.

"बाबांना छान फिरवून आणलंत," ती म्हणाली.

माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सासरे सिनेमाच्या थिएटरात पडद्यावर चित्र टाकणारं मशीन चालवायचे. चाळीस वर्षं त्या यंत्राच्या शेजारी उभं राहून डावा कान गेला होता. कप पाहुण्याला, बशी स्वतःला, ही त्यांची रीत. आणि उजेडाचं ते वाक्यही त्यांचंच. त्यांच्या मशीनच्या खोलीत ठेचकाळलो होतो एकदा, तेव्हा म्हणाले होते. ते जाऊन दोन वर्षं झाली. बायकोने नऊ प्रतींतली एक उचलली आणि आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवली.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण आमचे लेखापरीक्षक हे प्रवासाचे शौकीन निघाले. ते मासिक त्यांच्याकडे घरी येतं. शुक्रवारी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर एका बाजूला मासिक उघडं, दुसऱ्या बाजूला हजेरीपट उघडा.

"अकरा तारखेला पहाटे तुम्ही धुक्यात होतात," साहेब म्हणाले.

"हो, म्हणजे..."

"आणि दहा वाजता इथे सही केलीत. सात तासांचं अंतर आहे. मला दोन्ही वाचून आनंदच झाला हो, पण लेखापरीक्षकांना नाही झाला. एक तर हजेरी खोटी, नाहीतर लेख खोटा. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था. हजेरी खोटी म्हणावी, तर वेतनवाढ जाते, वर नोकरीच्या पुस्तकात लाल शेरा बसतो. लेख खोटा म्हणावा, तर बावीस वर्षांनी झालेला लेखक तिसऱ्या आठवड्यात संपतो. संध्याकाळी घरी पोचलो तोच मासिकाच्या संपादकांचा फोन. "अभिनंदन! वर्षातला सर्वोत्तम प्रवासलेख म्हणून तुमचा लेख निवडला आहे. परीक्षकांचं म्हणणं, इतका प्रत्यक्ष पाहिलेला अनुभव हल्ली कोणी लिहीतच नाही. समारंभात दोन शब्द बोलावे लागतील."

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "ठरलं. हजेरी खोटी."

"अहो, पण खरी तर तीच आहे!"

"वेतनवाढ काय, पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल."

"आणि खोटं बोलल्याचं काय?"

"खोटं बोलायचंच आहे, तर निदान साहित्यासाठी बोलावं," मी म्हणालो. हे वाक्य मला समारंभासाठीही बरं वाटलं, पण बायकोचा चेहरा पाहून मी ते पुन्हा उच्चारलं नाही.

एवढ्यात मास्तर आले. आमची दारं पातळ आहेत. त्यांना सगळं ठाऊक होतं. "लक्षात घ्या," ते म्हणाले, "नुसतं तोंडी चालणार नाही. पुरावा लागणार. अशा ठिकाणी येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही असते. रविवारी जा, अकरा तारखेच्या पानावर कोपऱ्यात जागा बघा आणि सही ठोका. आमच्याकडे सर्रास चालायचं." त्यांनी पुन्हा वेळापत्रक पसरलं.

"मीही येते," बायको म्हणाली.

"तू कशाला?"

"बाबा कुठे बसतात ते बघायला."

रविवारी आम्ही निघालो. मास्तरांची सातची पॅसेंजर मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी बंद झाली होती. हे तिकीटखिडकीवरच्या बाईने सांगितलं, आणि वर "कोणी सांगितलं तुम्हाला?" असं विचारून शेजारच्या खिडकीलाही ते ऐकवलं. मग बस. बसमध्ये मला विसाव्या मिनिटाला जे व्हायचं ते अठराव्याच मिनिटाला झालं. चौदा खिशांपैकी एकातही पिशवी नव्हती. पिशवी बायकोच्या पर्समध्ये निघाली. जंक्शनला पूलच नव्हता, त्यामुळे चहा कुठला घ्यायचा हा प्रश्न मिटला. दुसऱ्या बसचा कंडक्टर मला बघून म्हणाला, "काका, पुढे बसा, दाराजवळ. आणि वेळेवर सांगा." सबंध बस माझ्याकडे वळून पाहत होती. एका प्रवासलेखकाला हे दिवस पाहावे लागले. बायको मात्र खिडकीशी बसून सातही तास बाहेर बघत होती. मधूनच माझ्या पाठीवरून हात फिरवायची, पण नजर बाहेर. लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि ही इतकी खुशीत प्रवास करते हे मला त्या दिवशी कळलं.

दीपगृह दिसलं आणि माझा हिरमोड झाला. बुटकं होतं. माझ्या लेखातलं ढगात गेलं होतं. हे शेजारच्या पाण्याच्या टाकीपेक्षा जेमतेम हातभर उंच. फाटकापाशी आठ-दहा माणसं उभी होती आणि फाटकावर खडूने लिहिलेली पाटी होती:

'येथे म्हातारा नाही.'

खाली बारीक अक्षरात: 'पायऱ्या ९४. चहा मिळणार नाही.'

रखवालदार तिशीतला, सडसडीत, किल्ल्यांचा जुडगा हातात घेतलेला. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने सुरू केलं, "म्हातारा नाही. नव्हता. माझा काका नाही, आजा नाही, रजेवर गेलेला नाही. वर जायचं तर जा."

"आम्हाला नोंदवही बघायची होती," मी म्हणालो.

त्याने वही दिली. मी पानं उलटली. दहा तारीख होती. तेरा तारीख होती. मधे लाल शाईने एक आडवी रेघ आणि 'रंगकामामुळे बंद'.

म्हणजे अकरा-बाराला इथे कोणी येऊच शकत नव्हतं. मी वही मिटली. मास्तरांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी एकही आजवर कामाला आलेला नाही, याची मला पुन्हा एकदा नोंद घ्यावी लागली.

माझा चेहरा बघून त्या माणसाला वाटलं मला ऊन लागलं. "बसा काका. ताई, तुम्ही पण बसा," म्हणून त्याने आम्हाला आपल्या खोलीत नेलं. लोखंडी खाट, दोरीवर दोन शर्ट, भिंतीला दिवा लावायच्या वेळांचा तक्ता. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, त्याने स्टोव्ह पेटवला.

"लोक फार येतात का हो?" बायकोने विचारलं.

"एका मासिकात कोणीतरी लिहिलंय. तेव्हापासून रीघ लागलीय. पायऱ्या मोजतात आणि मलाच विचारतात, बाकीच्या कुठे गेल्या? परवा एक आजोबा भांडले, म्हणाले, आम्ही पायऱ्यांसाठी आलो, पैसे परत द्या. इथे तिकीटच नाही, पैसे कुठले देऊ?" तो हसला, पण लगेच थांबला. "ते जाऊ दे. हे बघा."

खाटेखालच्या पेटीतून त्याने एक कागद काढला. मी असे कागद रोज टाईप करतो, दुरूनच ओळखला. 'दीपगृहाच्या आवारात एक अनधिकृत वृद्ध इसम वास्तव्यास असून तो अभ्यागतांस चहा देतो, असे एका मासिकावरून निदर्शनास आले आहे. तसेच लेखात पायऱ्या १८२ नमूद असून कार्यालयीन नोंदीनुसार त्या ९४ आहेत. तरी सदर इसमाबाबत व उर्वरित ८८ पायऱ्यांबाबत आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा आपणांस सेवेत कायम करण्याचा विचार केला जाणार नाही.'

"पायऱ्यांचं चालून जाईल, मोजून दाखवता येतात," तो म्हणाला. "पण नसलेला माणूस नाही हे कसं दाखवायचं? साहेब म्हणतात, तू लपवलायस. या महिन्यात कायम होणार होतो. झालो की आईला इथे आणायची होती. आता आई आली तरी म्हणतील, म्हातारा नाही तर म्हातारी ठेवली." त्याने चहा गाळला. "तो लेखक एकदा भेटू दे मला."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती. तिने एक अक्षर जरी काढलं असतं तरी मला राग काढायला जागा मिळाली असती. मला समारंभ दिसत होता, हार नव्हे पण निदान पुष्पगुच्छ, आणि माईकसमोर मी. आणि इथे हा पोरगेला माणूस कप पुढे करत होता.

"भेटलाय," मी म्हणालो. "मीच तो."

त्याने कप खाली ठेवला. मी खाटेवरून उठून उभा राहिलो, कारण मार बसायचाच असेल तर तो उभ्याने घ्यावा.

"तुम्ही इथे आला होतात?"

"आज पहिल्यांदाच."

"मग एकशे ब्याऐंशी कशाला हो? माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करायचा." आणि मग, "लिहून द्या."

मी पेन काढलं. पण बायकोने ते काढून घेतलं. "आधी वर चला. मोजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आमच्याकडे आधी प्रयोग, मग निष्कर्ष."

मऊ केलेले बूट चाळिसाव्या पायरीला चावले. लेखात मी धाप लिहिली होती ती काव्यमय होती. ही वेगळीच होती, हिच्यात शिट्टी वाजत होती. चौऱ्याण्णव. बायकोने उतरताना पुन्हा मोजल्या. चौऱ्याण्णव. वरून समुद्र दिसला, तो मला धड वर्णन करता येणार नाही. निळाच होता, आणि खूप होता.

खाली येऊन मी त्या माणसाच्या स्टुलावर कागद ठेवून खुलासा लिहिला. तीन प्रती: एक त्याच्या कार्यालयाला, एक माझ्या साहेबांना, एक संपादकांना.

'खुलासा करण्यात येतो की, दिनांक ११ व १२ रोजी मी माझ्या कार्यालयात हजर होतो. दीपगृहात आज प्रथम आलो. लेख न बघता लिहिला होता. पायऱ्या चौऱ्याण्णव आहेत; आज मोजल्या. लेखातील वृद्ध गृहस्थ अस्तित्वात नाहीत. ते मी रचले. रखवालदार येथे एकटे राहतात व दिवा वेळेवर लावतात. त्यांची काही चूक नाही.'

बावीस वर्षांत मी इतकं कोरडं काही लिहिलेलं नव्हतं. बायकोने कागद घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला. मग परत मधल्या एका ओळीवर आली आणि बोट ठेवलं.

"हे खोडा."

"कुठलं?"

"'अस्तित्वात नाहीत.'"

"अगं, पण तेच तर सांगायचंय. ह्याची नोकरी..."

"नोकरीला एवढंच पुरे की ते इथे राहत नाहीत. तसं लिहा. 'दीपगृहात राहत नाहीत.'" तिने बोट पुढच्या शब्दावर सरकवलं. "आणि 'रचले' पण खोडा. रचले कसले? उचललेत."

मी दोन्ही खोडलं आणि तिन्ही प्रतींत तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. रखवालदाराला काही कळलं नाही, पण त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. संपादकांनी बक्षीस काढून दुसऱ्या कोणाला दिलं. फोनवर मी विचारलं, "लेख तर तोच आहे ना हो? तेव्हा चांगला होता, मग आता वाईट कसा झाला?" ते म्हणाले, "ते मलाही कळत नाही, पण झालाय खरा." जिन्यात खालच्या बाई मला बघून "काय, आज कुठे जाऊन आलात?" असं विचारू लागल्या. साहेबांनी खुलासा दोनदा वाचला आणि मान हलवली. "हजेरी खरी निघाली, ठीक आहे. पण तुम्ही जाऊन, बघून, मग लिहिलंत? ही आपली पद्धत नव्हे. इतरांसमोर वाईट उदाहरण होतं."

दीड महिन्याने दीपगृहाच्या कार्यालयाचं पत्र आलं. मास्तर समोरच होते, म्हणून ते मोठ्याने वाचलं गेलं. 'आपल्या खुलाशावरून रखवालदारांवरील कार्यवाही बंद करण्यात आली असून त्यांना सेवेत कायम करण्यात आले आहे.' मी सुस्कारा सोडला. पण खाली आणखी होतं. 'तथापि सदर वृद्ध इसम दीपगृहात राहत नाहीत, एवढेच आपण नमूद केले आहे. ते सध्या कोठे राहतात, हे नमूद नाही. अभिलेख पूर्ण करण्यासाठी ते उलट टपाली कळवावे.'

"लक्षात घ्या, 'पत्ता सोडून गेले' असं लिहा," मास्तर म्हणाले. "किंवा 'स्थलांतरित'. सरकारला स्थलांतरित फार आवडतं."

मी तीन मसुदे केले. 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलं, ते फाडलं. 'दिवंगत' लिहिलं, आणि ते लिहून झाल्यावर मला पुढे काही सुचेना. बायको आतून हात पुसत आली. माझ्या खांद्यावरून तिने तो कागद वाचला, पेन माझ्या हातातून घेतलं, कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली.

'सध्या आमच्याकडे.'

खाली तिने आमचा पूर्ण पत्ता घातला, मजला आणि दाराच्या क्रमांकासकट, आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.